संपात न उतरणाऱ्यांची वही

१७ मे

भाच्याचा फोन सकाळीच आला. "मामा, ९, १० आणि ११ जूनला पुण्यात कॅब बंद. पोरं लग्नसराईला गावी आलीत तोवर एकदा बसू."

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या हॉटेलात माळ्यावर बसलो. भाचा धरून अकरा जण. सगळे सातारा जिल्ह्यातले, सगळे पुण्यात अ‍ॅपवर गाडी चालवतात. मेढ्याचे, कोरेगावचे, वाईचे, एक पाटणचा. भाचा तावातावानं बोलला, बरं बोलला. शेवटी म्हणाला, "संपात कोण कोण?" चार हात वर झाले, त्यात एक त्याचाच. उरलेल्या सात जणांना एकाच वेळी मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं. एकानं मिसळीची प्लेट पुढं ओढली, ती मघाशीच संपली होती.

खाली उतरताना भाचा म्हणाला, "सात फितूर."

मी म्हटलं, थांब जरा. एकोणतीस वर्षं पतसंस्थेत वसुली केली मी. हप्ता बुडवणारा आणि हप्ता भरता न येणारा दारात उभे राहिले की सारखेच दिसतात. कोण कुठला ते आत गेल्याशिवाय कळत नाही.

तर या सात जणांच्या आत जायचं काम माझ्याकडं आलं. भाच्यानं त्याला 'प्रकल्प' म्हटलंय, कारण ग्रुपला काहीतरी नाव द्यायला लागतं. मी वही घातली. निवृत्तीनंतर निमित्त शोधतच होतो. वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही, गावच लिहायचं, हे पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. वही कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही, आणि आयडी ब्लॉक व्हायला कारण लागतंच असं नाही.

२० मे

कोरेगावकडं गेलो. हा ड्रायव्हर वाठार स्टेशनच्या अलीकडच्या वाडीतला. माळ्यावर प्लेट ओढणारा तो हाच.

ओसरीवर बसलो. त्यानं मोबाइल काढला, मी वही काढली. वसुलीला जायचो तेव्हा कर्जदाराच्या घरी चहा घेत नसे. आज घेतला.

गाडी सीएनजी, साडेसहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं. हप्ता १४,४६०. रोज तेरा तास गाडीवर. कंपनीचं कापून हातात साधारण २,१५०. त्यातून सीएनजी ७००, जेवण-चहा-पार्किंग-धुणं २५०. राहिले १,२००. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ३१,२००. त्यातून हप्ता गेला. हडपसरला चौघांत खोली, त्याचा वाटा ३,५००. विमा वर्षाचा असतो, पण महिन्याला वाटून बाजूला ठेवला नाही तर त्या महिन्यात गाडीच उभी राहते, ते ३,२००. टायर, सर्व्हिसिंग, बारीकसारीक २,०००.

मी बेरीज-वजाबाकी करत होतो, तोवर आतून वहिनी म्हणाल्या, "आठ हजार चाळीस."

कॅल्क्युलेटर दाबला. ८,०४० च.

एवढेच पैसे घरी येतात. त्यात म्हातारा बाप, थोरलीची अकरावी, धाकट्याची वह्या-पुस्तकं. शिवाय जून म्हणजे पेरणी. सोयाबीनचं बियाणं आणि खत उधारीवर आणलं तरी दुकानदार थोडं रोख मागतोच. तीन दिवसांचा संप म्हणजे ३,६०० गेले. आठ हजारांतले छत्तीसशे.

त्याला विचारलं, "संपाचं कारण पटत नाही का?"

"कारण? अहो, माळ्यावर भाचा जे बोलला त्यातलं निम्मं मीच त्याला शिकवलंय."

२१ मे

कारण काय ते एकदा नोंदवून ठेवतो. २०२४ च्या सुरुवातीला पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानं एसी कॅबचा दर ठरवला: पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये, पुढं किलोमीटरला २५. अ‍ॅपवर तो मिळेना म्हणून त्याच फेब्रुवारीत गाड्या बंद राहिल्या. मार्चमध्ये प्राधिकरणानं ओला-उबरचे परवान्याचे अर्जही फेटाळले. अ‍ॅप चालूच राहिलं. जुलै २०२५ मध्ये केंद्राची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. गाडी स्वतःची असेल तर भाड्यातला किमान ८० टक्के वाटा ड्रायव्हरचा, आणि सर्ज, म्हणजे मागणी वाढली की चढणारं भाडं, मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंतच. त्याच महिन्यात मुंबई-पुण्याचे ड्रायव्हर पुन्हा संपावर गेले होते.

कोरेगावकराला मी विचारलं, तुला किलोमीटरला किती पडतात? "चौदा, पंधरा. नशीब असलं तर सोळा."

म्हणजे कागदावरचा दर हातात पडावा, एवढीच मागणी. वसुलीचंच काम आहे हे, फक्त उलट्या बाजूनं.

२४ मे

आज मेढ्याकडं गेलो होतो, तसाच पुढं धाकट्या चुलत्यांकडं. सगळे अण्णा म्हणतात. परळच्या गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलंच नाही. अण्णा मे महिन्यात पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरले ते मला आठवतं. ट्रंकेला सुतळी बांधलेली होती.

मी म्हटलं, अण्णा, तुम्ही कसे टिकलात?

"टिकलो कुठं? खानावळवालीनं तीन महिने उधार घातलं. मग तिलाच धान्य मिळंना. मग गावाकडं. वरी, नाचणी, भात. गावानं दीड वरीस खायला घातलं."

परळच्या त्या खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभं केलं होतं. गिरणगावाचा संप म्हटला की मोर्चे आठवतात. मला मात्र आधी ते उधारीचं पान दिसतं. माझा धंदाच तो.

तेव्हा शहरातला संप गाव पोसत होतं. आता गावची पेरणी शहरातल्या गाडीवर होते. ८,०४० मधलं खत. हे अण्णांना सांगितलं तर ते गप्प बसले. मग विचारलं, "आणि गेट कुठं असतंय ह्यांचं?"

"गेट नाही, अण्णा. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप. ज्यानं त्यानं बंद करायचं."

"मग आत कोण गेलं ते कळतं कसं?"

"कळत नाही."

बराच वेळ त्यांनी तंबाखू मळली. "आमच्या खोलीतला एक ऑगस्टात आत गेला. बायको बाळंत होती त्याची. आम्ही वीस वरीस बोललो न्हाई त्याच्याशी. पोरीच्या लग्नाला बी न्हाई गेलो. त्याला तरी काय, गिरणीनं पुढं काढलाच की."

२५ मे

एक फॉर्म केला होता, परवा ग्रुपवर टाकला. नाव नको, गाव, कर्ज, हप्ता, घरखर्च, आणि शेवटी 'संपात सहभागी होणार का: हो / नाही'. अकरांपैकी दोन आले. दोन्ही 'हो' वाल्यांचे.

शेवटचा रकाना काढून पुन्हा टाकला. रात्री दहापर्यंत नऊ आले. चूक माझी. वसुलीच्या फॉर्ममध्येही 'कधी भरणार?' हा प्रश्न वरती छापलेला असे, आणि तो वाचून लोक मागच्या दारानं जात.

२७ मे

आज जे सापडलं ते दुपारीच भाच्याला फोन करून सांगायचं होतं. पण ते त्याच्याबद्दलही आहे, म्हणून थांबलो.

अकरा जणांच्या हप्त्याच्या तारखा एका कागदावर मांडल्या. ५ तारखेचे तीन, ७ चे दोन, १० चे चार, १५ चा एक. अकराव्याला कर्जच नाही.

हात वर करणारे चार कोण? ५ तारखेचे दोन, ७ चा एक, आणि बिनकर्जाचा. १० तारखेच्या चौघांपैकी एकाचाही हात वर नाही.

संप ९ ला सुरू. ५ आणि ७ वाल्यांचा हप्ता तोवर भरून झालेला असणार. १० वाल्यांचं गणित असं, की महिन्याचा पहिला आठवडा खोलीभाडं, गावाकडचं आणि उधाऱ्यांत जातो, आणि हप्त्याचे शेवटचे तीन-चार हजार ७, ८, ९ ला गोळा होतात. त्यातला ९ चा दिवस गेला की १० ला सकाळी बँकेतून उत्तर येतं, रक्कम अपुरी. बाउन्स. बँकेचा दंड वेगळा, फायनान्सवाल्यांचा वेगळा. आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद. नवी गाडी, घर, पोरीच्या शिक्षणाचं कर्ज, सगळ्याच्या वाटेत ते आडवं येतं. जानेवारी २०२५ पासून ही माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला कळवायला सुरुवात झाली, त्यामुळं चार दिवसांचा उशीर खपून जाण्याची आशाही कमी झाली.

म्हणजे यांना तीन दिवसांची मजुरी नको आहे. त्यांना १० तारीख ओलांडून द्यायची आहे. छत्तीसशे रुपये, आठ-दहा दिवसांसाठी. देणगी नव्हे, हातउसने.

संध्याकाळी भाच्याला सांगितलंच. बिनकर्जाचा तो. दाजींनी एसटीतून निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीतून त्याची गाडी मोकळी करून दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी शूर नाही असं म्हणताय का?"

"तसं नाही. तुझा बाप शूर."

त्याला हसू आलं नाही.

२८ मे

पैसे. मी १५,०००. निवृत्त कंडक्टर मित्र ५,०००, दाजी नव्हे, दुसरा. राजवाड्याजवळचा किराणावाला ५,०००. त्याचा पोरगाही पूर्वी अ‍ॅपवर होता. ड्रायव्हरांचे प्रत्येकी ५०० प्रमाणे ५,५००. एकूण ३०,५००. भिशीसारखं, पण बोली नाही.

किराणावाला म्हणाला, शेकडा एक तरी लावा, म्हणजे लोक परत करतात. त्याला सांगितलं, परवाना नसताना व्याज लावलं की ती सावकारी. राज्याचा २०१४ चा कायदा आहे. मी निवृत्त झालोय, तुरुंगात बसायचं वय गेलं.

३१ मे

ग्रुपवर भांडण. वाईवाला, ५ तारखेचा, लिहितो: जे संपात येणार त्यांनाच मदत. गाडी चालवणाऱ्याला कशाला? त्यानं जुन्या कामगार संघटना कायद्याचाही हवाला दिला, आणि त्या कायद्यापुरता हवाला बरोबर होता. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२६ च्या त्या कायद्याच्या कलम १५ मध्ये संघटनेचा निधी कशावर खर्च करता येतो याची यादी होती, त्यात वादामुळं सभासदांचं जे नुकसान होतं त्याची भरपाई हे एक कारण होतं. संपात नसलेल्याचं नुकसान त्यात बसत नव्हतं.

पाटणवाल्यानं मध्येच वेगळंच काढलं. त्याचा बाप तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी होता. १९६९ चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांचा, ते पाटणचेच. "बापाचा पगार बोर्डातून यायचा. मालकानं पगार आणि लेव्ही बोर्डात भरायची, बोर्डानं वाटायचं. भविष्य निर्वाह, बोनस सगळं. त्यो हमाल होता, कंपनीच्या भाषेत मी पार्टनर हाय. पार्टनरला कायबी न्हाई." यावर कुणी उत्तर दिलं नाही, तीन जणांनी अंगठा टाकला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची तरतूद आहे, हे मी लिहिलं. त्यालाही अंगठे आले.

मूळ भांडण राहिलंच. मी वाईवाल्याला स्वतंत्र फोन केला. म्हटलं, आम्ही संघटना नाही, वही आहे. तुझ्या पाचशेची पावती हवी तर परत घे. तो म्हणाला, पैशाचं नाही हो काका, पण मी तीन दिवस घरी बसणार आणि तो सर्ज खाणार.

हे त्याचं खरं आहे. संपाच्या दिवशी रस्त्यावर गाड्या कमी, म्हणून भाडं चढतं. संप करणारा दुसऱ्याचं भाडं वाढवून देतो. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

२ जून

कोरेगावकरानं हातउसने घेणार नाही म्हणून सांगितलं.

"मामा, आता एकाच ठिकाणी देणं आहे. तुमचे घेतले की दोन ठिकाणी होतं. फायनान्सवाल्याला तोंड चुकवता येतं, तुम्हाला येणार नाही."

वसुलीवाला म्हणून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळायचं नाही. मी आग्रह केला नाही. तो ९ ला गाडी चालवणार.

१० चे बाकीचे तिघं प्रत्येकी ३,६०० घेतील. १५ चा पाटणवाला २,००० पुरे म्हणाला.

३ जून

वहिनींचं ऐकायला हवं होतं, ते उशिरा सुचलं. मी धान्याची मदत म्हणून आठ घरांची यादी घेऊन गेलो होतो. कोरेगावच्या वहिनींनी ती वाचली आणि परत दिली. "धान्य आमच्याकडं हाय. तुमच्या पोरांनाच खोलीवर न्हाई."

बरोबर. उपाशी राहणार तो हडपसरच्या खोलीत. गाडी बंद म्हणजे बाहेरचं जेवण बंद. उलटा प्रवास ठरला: गावातून पुण्याला. चार घरांतून पंधरा किलो ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि वाघ्या घेवडा. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, पण वहिनींच्या लेखी तो 'जुना, न शिजणारा' होता. रात्रभर भिजवा म्हणून पिशवीवर खडूनं लिहून दिलंय. टेम्पोवाल्यानं ३५० घेतले.

सगळ्या खोल्यांवर पोहोचवायचं ठरलं, संपात असो नसो. घेवड्याला रकाना नाही.

निघताना वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली. मागं एकदा हप्ता चुकला तेव्हा वसुलीचा फोन त्यांना यायचा, ड्रायव्हरला नाही. सकाळी साडेसहाला. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, ऑगस्ट २०२२ पासून स्पष्ट लिहिलेला. मी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या, फोन आला की वाचून दाखवायच्या: तुमचं नाव, कंपनीचं नाव, आत्ताची वेळ, आणि मी ही तक्रार लिहून ठेवत आहे. चौथी ओळ वहिनींनी दोनदा म्हणून बघितली.

एक हप्ता चुकला म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी गाडी ओढून नेत नाही, कर्ज थकीत खात्यात जायला नव्वद दिवस लागतात, हेही सांगितलं. मी स्वतः ही गोष्ट एकोणतीस वर्षं कर्जदारांना सांगितली नव्हती. पतसंस्थेत ती सांगायची पद्धत नव्हती.

८ जून

घोटाळा झाला, माझ्यामुळं.

६ ला तिघांच्या खात्यावर ३,६०० टाकले. मेढ्याच्या पोराचा आज सकाळी फोन: पैसे गेले. त्यानं मागं कधीतरी मोबाइलवरून झटपट कर्ज काढलं होतं, त्याचं मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापून घ्यायची परवानगी, त्याच खात्यावर होतं आणि दोन महिने बाउन्स होत होतं. खात्यात शिल्लक दिसल्याबरोबर त्या कंपनीनं ओढले. २,९४०. गाडीच्या हप्त्याला दोन दिवस राहिले आणि खातं पुन्हा तिथंच.

त्यानं हे कर्ज फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं. 'गाडीचं कर्ज' असा रकाना होता.

हप्ता थेट फायनान्सकडं भरायला गेलो, तर तिथल्या मुलीनं सांगितलं, आता भरलात तरी १० ला मशीन पुन्हा ओढायला येणारच, चार दिवस आधी भरायला हवं होतं. म्हणजे पैसे खात्यातच लागणार, आणि १० च्या पहाटेच. ९ ला रात्री बारानंतर मी स्वतः पाठवणार. आणखी २,९४० द्यावे लागले. त्याच्याकडं येणं ६,५४०.

वहीत नवा नियम: रक्कम आधी देऊ नये. वेळेवर द्यावी.

९ जून

पहिला दिवस. भाचा सकाळपासून आंदोलनाच्या जागी. फोटो येताहेत. गर्दी बरी दिसते, पण फोटो जवळून काढलेत.

मी साताऱ्यात बसून काय करणार. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी पैसे पाठवले. मग झोप आली नाही.

१० जून

सकाळी नऊला तिघांचे मेसेज. हप्ते गेले. तिघंही संपात आहेत, आणि आता त्यातला मेढ्याचा पोरगा इतरांना 'उतरा रे' म्हणून मेसेज करतोय. कालपर्यंत गप्प होता.

दुपारी कोरेगावकराचा फोन. सकाळी विमानतळाकडं जाताना चौघांनी गाडी थांबवली, पॅसेंजरला उतरवलं नाही, पण बोलणं झालं. परत येऊन सीएनजीच्या लाइनमध्ये उभा राहिला तर मागचं टायर बसलेलं. पंक्चर नव्हतं, व्हॉल्व्हची पिनच काढलेली. "पंधरा रुपयांची पिन हो मामा. पण दोन तास गेले."

कुणी केलं असेल विचारलं नाही. तोही बोलला नाही. त्या लाइनच्या आसपास आमच्यातले दोघं होते, एवढं मला ग्रुपच्या फोटोंवरून कळतं. भाच्याला विचारलं, तो म्हणाला, मी नाही. तू केलंस का असं मी विचारलंच नव्हतं, असं म्हणणार होतो, पण म्हटलं नाही.

११ जून

मागण्यांवर बैठक लावू असं आश्वासन मिळालं, संप संध्याकाळी थांबला. दर काही आज बदललेला नाही.

१४ जून

कोरेगावकर गावी जाताना साताऱ्यात थांबला. खिशातून सीएनजीच्या पावत्या काढल्या, चार घड्या घातलेल्या. तीन दिवसांतली प्रत्येक ट्रिप पावतीच्या मागं पेननं लिहिलेली. किलोमीटर, हातात किती, आणि सरकारी दरानं किती व्हायला हवे होते.

एक पावती मी उतरवून घेतली. १४.६ किलोमीटर. पहिल्या दीडला ३७, उरलेल्या १३.१ ला २५ नं ३२७.५०, एकूण ३६४.५०. एरवी या ट्रिपचे त्याला २२०-२३० मिळतात. ९ तारखेला मिळाले ४४१.

"बघा की. पहिल्यांदाच पंचवीसचा दर बघितला. संप केला त्यांनी आणि दर लागला मला."

सरकारी दराच्या वर जे मिळालं ते त्यानं वेगळं काढलं होतं. तीन दिवसांचे ४१२. पाकीट नव्हतं, मेडिकलच्या कागदी पिशवीत घालून दिले. "पंचवीसपर्यंत माझं. वरचं वाईवाल्याचं, पाटणवाल्याचं, ज्यांनी गाड्या उभ्या केल्या त्यांचं."

मी म्हटलं, हप्ता गेला का?

"गेला. दुकानदाराचं खत राहिलंय."

पैसे घ्यावेत की परत करावेत, मला ठरवता येईना. घेतले. जमा पानावर लिहिताना 'देणगी' लिहिलं, खोडलं, मग नुसतं 'कोरेगाव, ४१२' लिहिलं.

वाईवाल्याला संध्याकाळी पावतीचा फोटो पाठवला. निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

१७ जून

पैसे परत यायला लागले. रोज ३०० प्रमाणे, १२ पासून. मला रोज चार फोन करावे लागतील असं वाटलं होतं, एकही करावा लागला नाही. फक्त मेढ्याच्या पोराचे दोन दिवस चुकले, त्यानं स्वतःच कळवलं.

दोघांनी फायनान्सकडं हप्त्याची तारीख बदलून मागितली होती, अर्ज मी लिहून दिले होते. एका ठिकाणी शुल्क भरून १८ तारीख मिळाली. दुसऱ्या ठिकाणी, 'तुमची विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे'.

२४ जून

हिशोब. जमा ३०,५००. दिले १५,७४०. टेम्पो ३५०. परत आले ११,६००: दोघांचे पूर्ण, पाटणचे पूर्ण, मेढ्याचे २,४००. मेढ्याकडं येणं ४,१४०. कोरेगावचे ४१२ धरून हातात २६,४२२.

अण्णांना हे सगळं सांगायला गेलो होतो. पिनेची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, "मग बोलतात का त्याच्याशी?"

भाचा बोलतो. काल हडपसरच्या खोलीवर दोघांनी मिळून घेवडा शिजवला, तीन तास लागले, तरी कच्चाच राहिला म्हणे. वाईवाला बोलत नाही.

ग्रुपवर पुढच्या संपाची कुजबुज आहे. ऑगस्टची ९ की १० म्हणून चर्चा चालू होती. मी लिहिलं, १९ किंवा २० धरा. भाच्यानं विचारलं, का? मी तारखांचा कागद पुन्हा टाकला. या वेळी शेवटी एक रकाना वाढवलाय: 'मोबाइलवरचं कर्ज'.